बाजू बोल, घड्याळजी

२ सप्टेंबर

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज जमणार नाही हेही आत्ताच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मनाला लावून घ्यायला नको.

कंपनीतल्या ट्रक शिकवणाऱ्या दुसऱ्या उस्तादानेही आज मला परत पाठवलं. पहिल्याने निदान पंधरवडा कळ काढली होती, याने आठवडाही नाही. कारण दोघांचं एकच, मी घाबरतो. समोरून मोठी गाडी आली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मागे भरलेला ट्रेलर आहे हे त्या पायाच्या गावीही नसतं. यार्डात सगळ्यांच्या देखत दुसरा उस्ताद म्हणाला, "याला आधी सायकल शिकवा." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

ऑफिसातल्या कारकुनाने समजावून सांगितलं की तिसरा उस्ताद हा शेवटचा. त्याने परीक्षेला पाठवलं आणि पास झालो तर नोकरी. नाही झालो तर बाहेर, आणि बाहेर पडलो तर कंपनीने माझ्या शिक्षणावर केलेला खर्च मी भरून द्यायचा. पास होऊन वर्षाच्या आत नोकरी सोडली तरी तेच. भरतीच्या वेळी 'मोफत प्रशिक्षण' हे शब्द फाटकावर माणसाएवढे मोठे लावले होते, हे कलम मात्र कागदाच्या पाठीमागे. मी वाचलं नव्हतं असं नाही. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, बारीक बघायची सवय आहे. वाचलं आणि सही केली. दुकानाला कुलूप लावून वर्ष होत आलं होतं. वेळ बघायला आता लोक खिशातून फोन काढतात, मनगट कुणी बघत नाही.

घरी सांगितलं. ही ताट वाढायला उठली. बाबीला म्हणाली, "बाबांना पाणी दे." लेक पाणी घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी पेला तसाच खाली ठेवला.

५ सप्टेंबर

तिसरा उस्ताद भेटला. साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशा. कंपनीत सगळे त्याला नुसतं उस्ताद म्हणतात, जणू बाकीचे उस्ताद नाहीतच. माझ्याबद्दल त्याला आधीच कळलं असणार. म्हणाला, "घड्याळजी ना तू? चढ वर."

मला वाटलं आता हाही गियर, ब्रेक, वळण सुरू करणार. पण गाडी फाटकाबाहेर काढायच्या आधी तो म्हणाला, "माझ्या गाडीत एकच नियम. बाजू बोलायच्या. तू चालवत असशील तेव्हा डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. मी चालवत असेन तेव्हाही तूच बोलायचं. समोरचं सांगू नकोस. समोरचं मी बघतो."

"तुम्ही चालवत असताना मी कशाला, उस्ताद?"

"बसून झोपा काढायच्यात का?" तो म्हणाला. "तोंड चालू राहिलं की मन भलतीकडे जात नाही."

पहिल्यांदा फार लाज वाटली. डावीकडे दुधाची गाडी, डावीकडे सायकलवाली बाई, उजवीकडे मोटरसायकल, अजून आहे, आता मागे गेली. भाजीवाल्यासारखा ओरडत होतो. पण दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. बोलता बोलता घाबरायला वेळच मिळाला नाही. समोरून मोठी गाडी आली, गेली, आणि माझा पाय जागचा हलला नाही.

६ सप्टेंबर

आजही पाय हलला नाही. हे नुसतं लिहून ठेवतो.

१४ सप्टेंबर

या माणसाकडून शिकण्यासारखं खूप आहे. आरसा बघायचा तर बाकीचे नुसते डोळे फिरवतात. उस्ताद अख्खी मान वळवतो, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. मी विचारलं तर म्हणाला, "डोळे आळशी असतात. मान आळशी नसते." मी पण आता तसंच करतो. मानेला रग लागते, पण आरसा खराच पूर्ण दिसतो.

दुसरं म्हणजे दिवे लागायच्या आत गाडी उभी. काही झालं तरी. बाकीच्या जोड्या रात्रभर आळीपाळीने चालवतात, त्यांच्या फेऱ्या जास्त होतात. उस्ताद म्हणतो, "रात्र झोपायला दिली आहे." आमचा माल कधी कधी उशिरा पोहोचतो, गोदामवाले कुरकुर करतात, उस्ताद ऐकून घेतो. शिस्त म्हणतात ती ही.

गमतीची गोष्ट अशी, की गाडीतून उतरला की हा शिस्तीचा माणूस अगदी वेंधळा होतो. आज चहाच्या टपरीवर बाजूच्या बाकाला अडखळला. मी हात पुढे केला होता, पेला धरलेला, तो त्याला दिसलाच नाही आणि कोपर लागून सगळा चहा माझ्या शर्टावर. मी म्हटलं, "उस्ताद, जमिनीवर तुम्हाला लायसन्स द्यायला नको." तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम हसू आवरून गाडीकडे निघाला. मला वाटतं चेष्टा जरा जास्त झाली.

१९ सप्टेंबर

दोन दिवस घरी. जेवताना मी प्रत्येक गोष्ट मान वळवून बघत होतो म्हणे. बाबी म्हणाली, "बाबा कोंबडीसारखं करतात." आम्ही तिघं किती दिवसांनी एकत्र हसलो.

मग हिला सगळं सांगितलं, बाजू बोलणं, दिवे लागायच्या आत थांबणं, चहा सांडणं. ही भांडी आवरत ऐकत होती. म्हणाली, "अहो, त्यांना नीट दिसतं ना?"

मला रागच आला. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, एक ओरखडा नाही त्याच्या नावावर. म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं? ती पद्धत आहे शिकवायची."

"बरं," ती म्हणाली. "मी आपलं विचारलं."

आपल्या नवऱ्याला कुणीतरी चांगलं शिकवतंय यात तिला आनंद का वाटू नये, हे मला समजत नाही. दोनदा हाकलला गेलो तेव्हा मात्र गप्प बसली होती.

२७ सप्टेंबर

लंबू कंपनी सोडून गेला. माझ्याबरोबर भरती झालेल्यांत त्याचंच माझ्याशी जमायचं, घड्याळजी हे नावही त्यानेच ठेवलेलं. एका खडीवाल्या मालकाकडे डंपर चालवायला लागला. खर्चाचं काय केलंस विचारलं तर म्हणे मालकाने भरला, आता मालकाचा गुलाम. "दोर तोच रे," तो म्हणाला, "फक्त खुंटा बदलला. पण रोज रात्री घरी जाऊन जेवतो. तू पण ये. मालक अजून एक बघतोय."

रोज घरी जेवण. दिवसभर त्याच विचारात होतो. पण डंपर एकट्याने चालवायचा. शेजारी कुणी नाही.

मी एकट्याने अजून यार्डातसुद्धा गाडी फिरवलेली नाही. शेजारी उस्ताद आहे म्हणून पाय शांत आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगतो.

३ ऑक्टोबर

सगळ्या चालकांची वार्षिक तपासणी. वजन, रक्तदाब, डोळे. उस्ताद माझ्या पुढे होता. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ, जी मला डोळे बारीक करून वाचावी लागली, ती त्याने धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "काका, या वयात कमाल आहे." उस्तादाने मिशीवरून हात फिरवला.

हिला फोन करून मुद्दाम सांगितलं. म्हटलं, घे, आता तरी खात्री पटली? "बरं झालं बाई," ती म्हणाली.

उस्ताद बाहेर पडताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून गेला. आनंदात होता.

९ ऑक्टोबर

अंगात ताप. सकाळपासून हातपाय गळाले होते. उस्ताद म्हणाला थांबू या, पण माल आजच पोहोचायला हवा होता आणि आधीच्या दोन फेऱ्यांना उशीर झाला म्हणून ऑफिसातून फोनावर फोन. शेवटी तो म्हणाला, "तू मागे आडवा हो. मी नेतो हळूहळू."

सीटमागच्या फळीवर कधी डोळा लागला कळलं नाही. दणका बसून जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. डावा आरसा गेला होता, दांडीसकट. दारावर लांब ओरखडा. उस्ताद खाली उभा होता आणि आरशाचे तुकडे पायाने एकत्र करत होता.

"फांदी," तो म्हणाला.

मी आजूबाजूला बघितलं. झाड कुठे जवळपास दिसलं नाही, विजेचा खांब होता. तापात माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. एक भाजीवाली आपली पाटी पोटाशी धरून खांबाच्या पलीकडे उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. तिला काही झालं नव्हतं. उस्ताद तिच्याजवळ गेला, हात जोडले आणि काहीतरी बोलला. ती मान हलवत निघून गेली.

उरलेला दिवस आम्ही तिथेच थांबलो. माल उद्या जाणार, शिव्या उद्या खाणार. सगळं माझ्या तापामुळे.

१० ऑक्टोबर

आरसा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न देता उस्तादाने ओळखीच्या एका मेकॅनिककडून बसवून घेतला. म्हणाला, "वर्कशॉपवाले दहा प्रश्न विचारतात." खरं आहे, विचारतात.

आज मी बरा आहे. चालवत तो होता. मी बाजू बोलत होतो आणि तो प्रत्येक बोलण्याला "हं" म्हणत होता. आधी कधी म्हणत नव्हता.

१८ ऑक्टोबर

पास!

परीक्षक कंपनीच्या बाहेरचा, तोंड कडू केलेला माणूस. शहरातून, चढावरून, अरुंद गल्लीत गाडी उलटी घालून, सगळं करून घेतलं. शेवटी म्हणाला, "आरसे बघायची सवय फार चांगली आहे. कुणी लावली?" मी उस्तादाचं नाव सांगितलं. परत आलो तेव्हा उस्ताद यार्डात बादली उलटी घालून त्यावर बसला होता. मी बाजूने आलो तर त्याला कळलंच नाही, समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकला. माझं तोंड बघून समजला. उठून मला पोटाशी धरलं त्याने. माझ्या बापानेही कधी धरलं नव्हतं.

मग म्हणाला, "आता काय, उडालं पाखरू."

म्हटलं, "कुठे उडतोय? एकट्याने गाडी काढली की पाय परत ब्रेकवर जाईल."

त्याने बादली सुलटी करून ठेवली. मग म्हणाला, "मग माझ्याच गाडीवर राहा. जोडी करू आपण. मला दोन वर्षं काढायचीत. मी घरी बसलो तर आठवड्यात भिंतींशी बोलायला लागेन. दोन वर्षं तू बाजू बोल, मग गाडी तुझीच."

२१ ऑक्टोबर

विचार करून डोकं भणभणलं. कंपनी देते ती पहिली नोकरी लांबच्या रस्त्याची, एकट्याची, महिन्यातून एकदा घर. लंबूच्या मालकाकडे रोज घर, पण गाडी मोडकी, मालक तोंडाळ, आणि तिथेही एकटाच. उस्तादाची गाडी ठरलेल्या रस्त्यावर, चार दिवसांनी घर, आणि उस्ताद शेजारी. पगार जोडीत थोडा कमी. ही म्हणाली, "कमी असला तर असू दे. तुम्ही रात्री दचकून उठत नाही आता, ते मला पुरे."

ठरलं. उस्तादाबरोबरच राहायचं.

अडचण एवढीच की त्या रस्त्यावर कंपनी जोडी देत नाही, एकच माणूस देते. सुरक्षा विभागाच्या बाईंची मंजुरी लागते. उस्ताद म्हणाला, "मी मागितली तर म्हणतील म्हाताऱ्याला सोबत लागते. तू माग. जास्त बोलू नकोस. एवढंच म्हण, मला अजून भीती वाटते, एखादं वर्ष उस्तादाची सोबत द्या. नवीन माणसाला देतात."

२४ ऑक्टोबर

काम फत्ते झालं असं वाटतंय.

सुरक्षा विभागाच्या बाई माझ्याहून लहान, पण भारदस्त. टेबलावर हेल्मेट, भिंतीवर गाड्यांचे नकाशे. बसायला सांगितलं. मी तोंड उघडलं आणि 'मला भीती वाटते' हे शब्दच बाहेर पडेनात. परीक्षकाने एवढी वाहवा केलेली, तीच फाइल त्यांच्या पुढ्यात, आणि मी त्यांना सांगू की मी घाबरट आहे? यार्डातलं ते हसणं कानात वाजलं.

म्हणून मी दुसऱ्या बाजूने मांडलं. म्हटलं, मॅडम, आमची जोडी म्हणजे कंपनीचा फायदा आहे. उस्तादांना माझी इतकी सवय झाली आहे की मी बाजू बोलल्याशिवाय ते गाडी इंचभर बाजूला घेत नाहीत.

"ते चालवत असतानाही?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच तर जास्त!" मी म्हटलं. त्या ऐकायला लागल्या तशी मलाही हुशारी आली. गंमत म्हणून तापाचा दिवसही सांगितला. "एक दिवस मी झोपलो काय आणि लगेच आरसा फुटला. एवढी आमची जोडी पक्की आहे बघा."

त्या हसल्या नाहीत. मला पाणी दिलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. अंधाराचं, चहाचं, सगळं. इतकं लक्ष देऊन कंपनीत माझं कुणीच ऐकलं नव्हतं. निघताना म्हणाल्या, "तुम्ही आलात हे बरं केलंत."

उस्ताद फाटकाशी थांबला होता. "सांगितलंस तेवढंच ना?" त्याने विचारलं.

"हो, तेवढंच," मी म्हटलं. थोडं वाढवून सांगितलं, पण काम झालं तर काय बिघडलं.

२८ ऑक्टोबर

आमची गाडी उभी केली आहे. उस्तादाला मोठ्या इस्पितळात पाठवलंय, तक्ता वाचायची नाही, दुसरी कसलीशी डोळ्यांची तपासणी. जोडी मंजूर करायच्या आधी करत असतील. कारकुनाला विचारलं तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि कागद चाळायला लागला.

३० ऑक्टोबर

लिहिता येत नाहीये. तरी लिहितो.

उस्ताद यार्डात आला होता, काम सोडल्याच्या कागदांवर सही करायला. बादलीवर बसला. मी समोर जाऊन उभा राहिलो. बाजूने नाही गेलो.

"बाजू गेल्यात," तो म्हणाला. "दोन्ही. समोरचं तेवढं राहिलंय, नळीतून बघितल्यासारखं. पुढे तेही जाईल म्हणतात डॉक्टर. मला चार वर्षं माहीत आहे. त्या तक्त्यावर समोरच बघायचं असतं, म्हणून निभावलं."

 तो सांगत राहिला. आधी त्याने एकट्यानेच चालवली. मग उस्तादाचं काम मागून घेतलं, म्हणजे शेजारी दोन डोळे असतील. बरीच पोरं आली. कुणी बाजू बोलायला कंटाळायचं, कुणी फोनमध्ये डोकं घालायचं. "तू एकटा मन लावून बोलायचास. एक शब्द कधी चुकला नाहीस. तुझ्या जिवावर दोन वर्षं आरामात निघाली असती."

मला तो खांब आठवला आणि ती भाजीवाली. पाटी पोटाशी धरून उभी होती, ती का, ते आज कळलं. तिच्यात आणि आरशात किती अंतर राहिलं असेल? मी मागे झोपलो होतो. रागही आला त्याचा, खरं सांगतो. मला शिकवतो म्हणाला आणि माझे डोळे वापरले. पण शिकवलं तर होतंच. इतर दोघांनी हाकलून दिलेल्याला यानेच चालक केला. कशाचा राग धरू आणि कशाचे उपकार मानू, काही सुचत नव्हतं.

"पण ऑफिसात कुणी सांगितलं असेल रे?" तो म्हणाला. "तो मेकॅनिक असेल. नाहीतर तुझा तो लंबू, जाता जाता काडी लावून गेला असेल."

मी म्हटलं, "मला काय माहीत, उस्ताद."

"तुला कसं माहीत असणार," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेला. हात हवेतच राहिला. मी थोडं बाजूला सरकलो होतो.

३१ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, मी तेव्हाच विचारलं होतं. तसं काही म्हणाली नाही. उलट म्हणाली, "तुम्ही खरं तेच सांगितलंत. उद्या कुणी चिरडलं असतं तर?"

ते बरोबरच आहे. पण मी ते वाचवायला सांगितलं नव्हतं ना. खरं माहीत असून मी सांगितलं असतं तर मान वर करून फिरलो असतो. मी सांगितलं ते मोठेपणा मिरवायला. 'मला भीती वाटते' एवढं म्हणायची लाज वाटली म्हणून.

सोमवारपासून मला उस्तादाचीच गाडी दिली आहे. तोच रस्ता, चार दिवसांनी घर. एकट्याला. नाही म्हणायची सोय नाही, सोडली तर खर्च भरा. आणि सोय असती तरी नाही म्हटलं असतं का, हेही नक्की सांगता येत नाही. असा रस्ता नव्या माणसाला कधी मिळत नाही.

३ नोव्हेंबर

गाडी साफ केली. फळीखाली उस्तादाचं अंथरूण, स्वेटर, चहाची किटली, त्याच्या बायकोने, वहिनींनी, शिवलेली उशी. सगळं एका पिशवीत भरलं. उद्या त्याच्या घरी नेऊन देतो आणि तोंडावर सांगतो. मीच होतो म्हणून. मारलं तर मार खाईन. त्याने लंबूचं नाव घेत बसावं आणि मी त्याच्या सीटवर बसून गाडी हाकावी, हे मला जमणार नाही.

४ नोव्हेंबर

सांगून टाकायचं असं घोकत जिना चढलो. तिसरा मजला. दाराबाहेर बूट काढले.

वहिनींनी दार उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी पिशवी बघितली, मग मला, आणि ओठांवर बोट ठेवलं. हाताला धरून आत घेतलं. लहानशी खोली. उस्ताद खिडकीशी खुर्चीवर बसला होता, बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून. मी त्याच्या डाव्या हाताला उभा. मधे एक टेबल, त्यावर त्याचा चहा. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता.

वहिनी माझ्या अगदी कानाशी येऊन बोलल्या. "तुम्हीच सांगितलंत ना? मला वाटलंच होतं. ते गाडीवर गेले की माझा जीव इथे टांगलेला असायचा, भाऊ. चार वर्षांत मी परवा पहिल्यांदा पोटभर झोपले. देव तुमचं भलं करो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण त्यांना नका सांगू. येईल त्याला तुमचंच कौतुक सांगतात. बाकी सगळं गेलं, माझा घड्याळजी तेवढा खरा निघाला म्हणतात. तेवढं एक राहू दे त्यांच्याजवळ."

मी काहीतरी बोलणार होतो. पिशवीतली किटली वाजली.

"कोण आहे गं?" उस्तादाने विचारलं. मान वळवली, हनुवटी खांद्याला लागेल अशी, पण उजवीकडे.

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचं सामान आलंय कंपनीतून. माणूस ठेवून गेला."

"घड्याळजी नव्हता ना?"

"नाही हो. दुसरा होता कुणी."

"तो आला तर बसवून ठेव," उस्ताद म्हणाला आणि परत रस्त्याकडे बघायला लागला.

मी पिशवी हळूच खाली ठेवली आणि बाहेर आलो. दार वहिनींनी लावून घेतलं. बूट हातातच घेऊन मी तिन्ही मजले उतरलो आणि रस्त्यावर आल्यावर घातले.